एकच पल्प प्रोब आहे, गल्लीकडच्या पेटीतल्या द्राक्षाचं तापमान कसं ओळखायचं?

द्राक्षगार_निफाड

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमच्या शेतकरी गटाचं छोटं पॅकहाऊस आहे. तिथलं पॅनेल, पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा कंट्रोल संगणक), सेन्सर हे सगळं माझ्याकडे. शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमा.

प्रीकूलिंगची, म्हणजे काढलेला माल पटकन थंड करायची, एक चेंबर आहे. एका बॅचला पाच टन माल, म्हणजे पाच किलोच्या हजारभर पेट्या. पॅलेटच्या दोन रांगा, मधे गल्ली, गल्लीवर ताडपत्री, टोकाला फॅन. फॅन गल्लीतून हवा ओढतो, म्हणून खोलीतली थंड हवा पेट्यांच्या भोकांतून आत शिरते, गल्लीत येते आणि कॉइलकडे परत जाते. फॅन ३ एचपीचा, प्लेटवर ५ घनमीटर प्रति सेकंद लिहिलंय. व्हीएफडी (फॅनचा वेग बदलणारं उपकरण) आहे, पण कायम ५० हर्ट्झवर. कॉम्प्रेसर १२ टनांचा.

सेन्सर तीनच: कॉइलमधून निघणारी हवा, कॉइलकडे परतणारी हवा आणि एक पल्प प्रोब (द्राक्षाच्या गरात खुपसायचा सेन्सर), सगळे पीटी१०० जातीचे. प्रोब बाहेरच्या बाजूच्या पेटीत असतो, कारण तिथं हात पोचतो.

अडचण अशी. माल आत येतो तेव्हा साधारण २८ अंश. निघणारी हवा ० अंशावर ठेवतो. सुरुवातीला परतणारी हवा तिच्यापेक्षा ५.८ ने गरम असते. साडेसात तासांनी प्रोब ३.५ दाखवतो, आम्ही बॅच बंद करतो. पण ताडपत्री काढून गल्लीकडच्या पेटीत हातातलं थर्मामीटर खुपसलं की ५ च्या वर. कंटेनर भरताना पल्प ४ च्या आत लागतो, त्यामुळे पुन्हा ताडपत्री, पुन्हा फॅन. सुरक्षित राहावं म्हणून सरसकट दोन-तीन तास वाढवले तर बाहेरच्या पेट्यांतले देठ सुकतात, आणि हिरवा देठ गेला की मालाचा भाव गेला.

पीएलसीला मोकळे अ‍ॅनालॉग इनपुट (सेन्सर जोडायच्या जागा) नाहीत आणि हंगामाच्या मध्यावर नवं कार्ड मिळणार नाही. कालमन फिल्टरबद्दल वाचलं, म्हणजे गणिताचं मॉडेल आणि मोजमाप जुळवून न मोजलेल्याचा अंदाज काढायची पद्धत. तो लावला तर न मोजलेल्या पेट्यांचं तापमान कळेल का? आणि त्या अंदाजावर फॅन-कॉम्प्रेसर चालवणं बरोबर आहे का?

---

वारा_आणि_कॉइल

दादा, फिल्टरच्या आधी प्रोब उचला. तो चुकीच्या पेटीत आहे, आणि चुकीच्या पेटीतल्या प्रोबवर जगातला कुठलाही फिल्टर तुम्हाला गल्लीकडची पेटी दाखवणार नाही. मी तासगाव भागात कोल्ड स्टोअर आणि प्रीकूलिंगच्या कंट्रोलचं काम करतो, आणि तुम्ही लिहिलंय तो प्रकार दर हंगामात बघतो.

हवा कुठून कुठे जाते ते बघा. आधी बाहेरच्या पेटीला लागते, तिथली उष्णता घेते, थोडी गरम होऊन गल्लीकडच्या पेटीत जाते. म्हणजे बाहेरच्या पेटीचा परिणाम आतल्या पेटीवर होतो, आतल्याचा बाहेरच्यावर होत नाही. कॅनॉलच्या टेलचा शेतकरी असतो ना, त्याच्या शेतात किती पाणी आलं यावरून वरच्यांनी किती घेतलं याचा हिशेब लागतो. हेडच्या शेतकऱ्याकडे बघून टेलचं काही कळत नाही. प्रोब टेलला हवा. ताडपत्री टाकायच्या आधी गल्लीकडच्या, फॅनपासून सर्वात लांबच्या पेटीत मधल्या घडाच्या मण्यात खुपसा आणि वायर ताडपत्रीखालून बाहेर घ्या. टोक मण्याबाहेर डोकावलं तर तो हवा मोजेल, एवढं जपा.

आता मॉडेल, म्हणजे माल कसा थंड होतो याचा हिशेब. फार मोठं लागत नाही. पाच टन द्राक्षांचे दोन भाग धरा, बाहेरचा आणि आतला, अडीच-अडीच टनांचे. द्राक्षाची विशिष्ट उष्णता किलोला साधारण ३.७ किलोज्यूल, म्हणजे पूर्ण माल एक अंश उतरवायला १८,५०० किलोज्यूल, युनिटमध्ये ५.१. शून्य अंशाची हवा घनमीटरला १.२९ किलो भरते, म्हणून सेकंदाला ५ घनमीटर हवा दर अंशामागे ६.५ किलोवॅट उष्णता वाहून नेते.

तुमचे आकडे यात घालू. परतणारी हवा ५.८ ने गरम. त्यातला थोडा भाग द्राक्षांचा नाहीच. फॅनची मोटर हवेच्या वाटेत आहे, तिचे २.२ किलोवॅट हवेतच जिरतात, त्याचे ०.३. उरले ५.५. गुणिले ६.५, म्हणजे ३६ किलोवॅट, दहा टनांच्या जरा वर (कॉम्प्रेसरचा टन वजनाचा नाही, तो साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता काढण्याची क्षमता). तुमच्या १२ टनांच्या कॉम्प्रेसरशी हे जुळतं. ३६ भागिले ५.१ म्हणजे सुरुवातीला तासाला सात अंशांनी माल उतरतोय. वेग पुढे मंदावत जातो, कारण द्राक्ष आणि हवा यांतला फरकच कमी होत जातो.

मग अंदाजकाचं, म्हणजे न मोजलेलं तापमान काढणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम सोपं आहे. दर मिनिटाला मॉडेलला विचारायचं: आत्ताची निघणारी हवा एवढी असेल तर बाहेरचा माल किती, आतला किती, आणि मग प्रोबवर व परतणाऱ्या हवेत काय दिसायला हवं? जे दिसायला हवं आणि जे खरंच दिसलं यांतल्या फरकाला एका गुणकाने गुणून दोन्ही अंदाज सरकवायचे. गुणक कसा ठरवायचा यात कालमनचं गणित येतं, पण तुमच्या पीएलसीत दोन-चार ठरलेले गुणक घालूनही काम होईल. सुरुवातीला लहान ठेवा. दर मिनिटाला फरकाचा विसावा भाग आतल्या अंदाजात, त्याहून कमी बाहेरच्यात.

मॉडेलला निघणाऱ्या हवेचं मोजलेलं तापमान द्या. सेटपॉइंट, म्हणजे तुम्ही ठरवून दिलेलं तापमान, देऊ नका. डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) लागला, दार उघडलं, कॉम्प्रेसर थकला, हे सगळं त्या एका मापात येतं, आणि सेटपॉइंट दिलात तर मॉडेल बिचारं शून्य अंशाच्या हवेत जगत राहील.

आणि सर्वात आधी हे करा. हवेचे दोन्ही पीटी१०० काढून एकाच भांड्यात ठेचलेला बर्फ आणि पाणी कालवून त्यात बुडवा. क्लास बी या अचूकतेच्या वर्गातले असतील तर शून्य अंशावर प्रत्येकाची मुभा ०.३ ची आहे, म्हणजे दोघांत ०.६ चा फरक नियमात बसतो. बॅचच्या शेवटी तुमच्याकडे परतणाऱ्या आणि निघणाऱ्या हवेत जेमतेम एक-सव्वा अंशाचा फरक उरलेला असतो. तुमच्या आकड्यांनी २८ अंशांच्या मालामागे हवा ५.५ तापते, म्हणजे हवेतले ०.६ चुकले तर मालाच्या अंदाजात तीन अंश चुकतात. तीन अंश! ज्या ठिकाणी अर्ध्या अंशावर कंटेनर अडतो तिथं. सेन्सर महाग घेऊन हे सुटत नाही, दोघांना एकमेकांशी जुळवून सुटतं. बर्फाच्या पाण्यात जो फरक येईल तो पीएलसीत वजा करून टाका.

एक गोष्ट मला खटकतेय. तुमच्या आकड्यांवर मॉडेल चालवलं तर बाहेरची पेटी ३.५ ला आली तेव्हा आतली ४.३ च्या आसपास हवी. तुम्ही ५ च्या वर म्हणताय. हा फरक प्रोबच्या चुकीचा वाटत नाही. हवेचा मोठा भाग पेट्यांना न शिवता गल्लीत घुसतोय असं माझं मत आहे.

---

नियंत्रण_मास्तर

वरचं उत्तर बरोबर आहे. त्यामागचं गणित थोडं लिहितो, कारण प्रोबच्या जागेचा मुद्दा अनुभवावर सोडायची गरज नाही, तो कागदावर सिद्ध होतो. मी अभियांत्रिकीला कंट्रोल शिकवतो.

हवेने एका थरातून (वरच्या मॉडेलमधल्या एका भागातून) जाताना द्राक्ष आणि हवा यांतल्या फरकाचा जेवढा हिस्सा उचलला त्याला ई म्हणा, आणि थर थंड होण्याच्या दराला क. बाहेरच्या थराच्या समीकरणात आतल्या थराचं तापमान येतच नाही. म्हणून फक्त बाहेर मोजलंत तर ऑब्झर्व्हेबिलिटीच्या (मोजलेल्यावरून न मोजलेलं काढता येतं का हे सांगणाऱ्या) मॅट्रिक्सचा डिटरमिनंट नेमका शून्य येतो. आत मोजलंत तर तो ऋण क गुणिले ई येतो. शून्य नाही, म्हणजे एका प्रोबवरून दोन्ही थर काढता येतात. फक्त परतणाऱ्या हवेवरूनही येतात, तिथं ऋण क गुणिले ई चा घन.

पण आकडा शून्य नसणं वेगळं आणि पुरेसा मोठा असणं वेगळं. ई जर ०.१ किंवा ०.२ असेल तर त्याचा घन फारच लहान. परतणारी हवा एकटी वापरली तर दोन्ही थरांची बेरीज चांगली कळेल, त्यांची विभागणी गोंगाटात, म्हणजे मोजमापातल्या बारीक चुकांत, बुडेल. विभागणीसाठी आतला प्रोब, बेरीज तपासायला परतणारी हवा, अशी जोडी उत्तम आहे.

एक दिलासाही आहे. बाहेर मोजूनसुद्धा आतल्या थराचा अंदाज अगदी भरकटत नाही, कारण चूक आपोआप विरते. मात्र ती विरते ती द्राक्ष ज्या गतीने थंड होतं त्याच गतीने. दुपारी काढलेला माल ३२ अंशांचा आला आणि मॉडेलला २८ वाटला, तर त्या चार अंशांतला आठवा भाग, म्हणजे अर्धा अंश, बॅच संपतानाही शिल्लक असतो. आणि हवेचा प्रवाहच चुकीचा धरला असेल तर ती चूक कधीच विरत नाही. अंदाजक लावायचा तो याचसाठी.

कालमन यांचा लेख १९६० चा. पुढे नासाच्या एम्स केंद्रात स्टॅन्ली श्मिट यांनी ती पद्धत अपोलोच्या मार्गनिर्धारणासाठी बसवली. लूएनबर्गर यांनी १९६४ मध्ये गोंगाटाचं गणित बाजूला ठेवून साध्या गुणकाचा ऑब्झर्व्हर, म्हणजे अंदाजक, मांडला. तुम्हाला वर सुचवलंय ते याच घराण्यातलं. अंदाज वेगळा बांधा, नियंत्रण वेगळं बांधा, मग जोडा, हे रेषीय प्रणालीत चालतं. पण जॉन डॉयल यांनी १९७८ मध्ये दाखवलं की अशा जोडणीत मॉडेलच्या चुकीला किती सहन होईल याची कुठलीही हमी आपोआप मिळत नाही. म्हणून गुणक आक्रमक करू नका. द्राक्ष तासांत बदलतं, तुम्हाला घाई कसली?

---

डक्टिंग_पिंपळगाव

हवा चुकवतेय हे शंभर टक्के. पाच घनमीटर प्लेटवर आहे, पेट्यांतून किती जाते ते कोण बघतंय. आमच्याकडे बहुतेक चेंबरमध्ये हे दिसतं.

बघायच्या जागा सांगतो. पॅलेटच्या खाली फळ्यांमधली पोकळी, तिथून हवा सरळ गल्लीत जाते. दोन पॅलेटमधली फट. ताडपत्री वरून नीट बसली तरी मागच्या भिंतीशी वर उचललेली असते. आणि सर्वात जास्त नुकसान कशाने होतं? पेटीची भोकं पेटीच्या भोकांसमोर येत नाहीत. पेट्या आडव्या-उभ्या रचल्या की थर पक्का बसतो पण भोकं बुजतात. पॅलेटखाली फोमची पट्टी किंवा जुनी गोणी गुंडाळून कोंबा, फटीत पुठ्ठा घाला.

बघायला सेन्सर नको. पारदर्शक प्लास्टिक नळी यू आकारात वाकवून पाणी भरा, एक टोक गल्लीत ताडपत्रीखाली, दुसरं खोलीत. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. १ मिलिमीटर म्हणजे जवळपास १० पास्कल. दोन-चार मिलिमीटरच येत असेल तर हवा मोकळी पळतेय. फटी बुजवत जाल तसा फरक वाढत जाईल. दहा-पंधरा मिलिमीटर आला की समजा हवा पेट्यांतून चाललीय.

---

द्राक्षगार_निफाड

सगळ्यांचे मनापासून आभार. करून बघितलं, आकडे देतो.

बर्फाच्या पाण्यात दोन हवेच्या सेन्सरमध्ये ०.४ चा फरक निघाला, पीएलसीत वजा केला. यू नळीत ४ मिलिमीटर होते. पॅलेटखाली फोम घातला, मागची ताडपत्री वाळूच्या पिशव्यांनी दाबली, पेट्या भोकं जुळवून रचून घेतल्या (रचणाऱ्या मुलांना पटवायला वेळ लागला, पण त्यांनी केलं), मग १३ मिलिमीटर आले. प्रोब गल्लीकडे नेला.

एक नवीन गोष्ट झाली. आता सुरुवातीला निघणारी हवा शून्यावर राहत नाही, पहिल्या तासात ३ अंशांपर्यंत चढते आणि मग हळूहळू उतरते. काही बिघडलंय का? आणि आता नियंत्रण कसं करू, म्हणजे फॅन कधी कमी करायचा, हवेचा सेटपॉइंट किती खाली न्यायचा? थंडी जास्त झाली तर बाहेरची द्राक्षं गोठतील ही भीती आहे, आणि आता प्रोब तर आत गेलाय.

---

वारा_आणि_कॉइल

वा, उत्तम काम केलंत. चार मिलिमीटरचे तेरा, यातच निम्मी लढाई आहे.

बिघडलेलं काही नाही. आधी निम्मी हवा द्राक्षांना शिवत नव्हती म्हणून भार ३६ किलोवॅट होता. तीच हवा पेट्यांतून गेली की माझ्या हिशेबाने सुरुवातीचा भार ५० किलोवॅटपर्यंत जातो, म्हणजे १४ टन. कॉम्प्रेसर १२ टनांचा. तो पुरा पडत नाही म्हणून हवा चढते, आणि माल थोडा उतरला की पुन्हा आवाक्यात येते. यासाठी मोठा कॉम्प्रेसर घेऊ नका.

इथंच व्हीएफडी कामाला लावा. कॉम्प्रेसरच अपुरा असताना पूर्ण वेगाने हवा फिरवून मिळणारा फायदा थोडा असतो. निघणारी हवा सेटपॉइंटपेक्षा एक अंश वर गेली की फॅन ४० हर्ट्झला आणा. वेग ८० टक्के, पण शक्ती वेगाच्या घनाने घटते, म्हणजे निम्मी. मोटरची उष्णताही तेवढीच कमी. निघणारी हवा पुन्हा सेटपॉइंटला टेकली की ५० ला न्या. वेग बदलला की मॉडेलमधली हवाही त्याच प्रमाणात बदलायची, हे पीएलसीत विसरू नका. आणि कॉम्प्रेसरचा किमान बंद वेळ आधीचाच ठेवा, अंदाजकाच्या नादात तो कमी करू नका.

गोठण्याबद्दल. द्राक्षाचा गोठणबिंदू उणे २ च्या आसपास, साखर जास्त तर आणखी खाली. बाहेरचं द्राक्ष त्याला लागणाऱ्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ती हवा तुम्ही मोजताय. म्हणून ही राखण अंदाजावर टाकायचीच नाही. निघणाऱ्या हवेला उणे ०.५ ची कडक मर्यादा घाला, आणि तिच्यासाठी पीएलसीपासून स्वतंत्र एक साधा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरच्या कंट्रोल लाइनमध्ये मालिकेत लावा. प्रोब तुटला, मॉडेल चुकलं, प्रोग्रॅम अडकला, तरी माल गोठणार नाही. त्या थर्मोस्टॅटला तुमचा एकही इनपुट लागत नाही.

अंदाजाचं काम बॅच कधी संपवायची हे ठरवणं. आतला अंदाज ३.८ ला आला की फॅन बंद. माझ्या आकड्यांनी सहा तासांच्या जरा पुढे हे घडावं, आणि तेव्हा बाहेरची पेटी ३ च्या थोडी खाली असेल. पूर्वीच्या गळक्या हवेत आतली पेटी ४ वर यायला साडेआठ तास लागले असते. हे दोन-सव्वादोन तास म्हणजे बाहेरच्या देठांवरून कोरडी हवा वाहण्याचे तास आहेत. ते वाचवायचे होते.

शेवटच्या तासात मात्र मॉडेल आणि प्रोब यांतल्या फरकावर लक्ष ठेवा. तो सतत एकाच बाजूला झुकत असेल, म्हणजे प्रोब नेहमी अंदाजापेक्षा गरम, तर कॉइलवर बर्फ साचून हवा कमी झालीय किंवा ताडपत्री कुठेतरी उचकटलीय. तो फरक एचएमआयवर (पॅनेलच्या स्क्रीनवर) वेगळी रेघ म्हणून काढून ठेवा. मला तापमानाच्या आलेखापेक्षा त्या रेघेत जास्त रस असतो. फॅन सेंट्रिफ्युगल असेल तर व्हीएफडीवरचा करंटही बघा, हवा अडली की तो उतरतो. तो आकडा व्हीएफडीकडे आधीच आहे, कम्युनिकेशनची वायर असेल तर अ‍ॅनालॉग इनपुटही खर्च होत नाही.

आणि पहिल्या काही बॅचना हातातलं थर्मामीटर घेऊन तीन-चार ठिकाणच्या पेट्या तपासा, वरच्या थरातली एक आणि फॅनजवळची एक धरून. दोन भागांच्या मॉडेलला वरचा-खालचा फरक कळत नाही. वरच्या पेट्या सतत मागे राहत असतील तर इथं आकडे टाका, तिसरा भाग घालू.

---

द्राक्षगार_निफाड

थर्मोस्टॅट आजच लावतो. फॅन सेंट्रिफ्युगल आहे आणि व्हीएफडीला मॉडबस (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची पद्धत) आहे, पीएलसीचा त्यासाठी लागणारा आरएस-४८५ पोर्ट रिकामा पडलाय. करंट त्यावरून घेतो. वरच्या थराचे आकडे पुढच्या बॅचला टाकतो.

---

नियंत्रण_मास्तर

मॉडबसवरून करंटसोबत प्रत्यक्ष हर्ट्झही वाचा आणि मॉडेलला तेच द्या. व्हीएफडीला रॅम्प असतो, तुम्ही ४० सांगितलं तरी तो काही सेकंद ४५ वर असतो. मिनिटाच्या सॅम्पलिंगला त्याने फार बिघडणार नाही, पण मोटर ट्रिप होऊन शून्यावर आली तर मॉडेलला त्याच मिनिटाला कळेल.